नवी चेन टाकली, तरी सायकल का घसरते?

(तरुण संघाच्या तिमाही मेळाव्यात जुन्या गिअरच्या सायकलींविषयी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मागच्या अंकातल्या आवाहनाला आपण दिलेल्या प्रतिसादाबद्दल प्रथम आभार मानते. वसतिगृहातली मोठी मुले आणि पाड्यांवर अभ्यासवर्ग घेणारे आपले तरुण कार्यकर्ते यांच्यासाठी जुन्या सायकली मागितल्या होत्या. अकरा आल्या. त्यांतल्या नऊ गिअरच्या आहेत, पूर्वी ज्यांना आपण हौसेने ‘माउंटन बाईक’ म्हणायचो त्या. जाड टायर, पुढे तीन चकत्या, मागे सहा किंवा सात. बहुतेकांचा मालक आता पुण्यात किंवा दुबईत नोकरीला आहे आणि सायकल दहा वर्षे जिन्याखाली उभी होती.

पाळकसाहेब मला म्हणाले, “बाई, या सायकलींचे पुढे काय होते ते तरुणांना सांगा.” तेच सांगायला उभी आहे. थिऑलॉजीच्या डिप्लोम्यात चेन शिकवत नाहीत. मी जे शिकले ते मोलगीच्या बाजारात एका सायकलवाल्या काकांच्या शेजारी बसून, हात काळे करून. त्यामुळे भाषा दुकानातली वाटली तर सांभाळून घ्या.

आधी हे सांगते की गिअरची सायकल आम्हाला हवीच कशाला. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना साध्या सायकली मिळतात आणि त्या सपाटीला फार चांगल्या. त्यांचा कुठलाही भाग कुठल्याही आठवडे बाजारात मिळतो. पण अक्कलकुवा सोडून देवगोईचा घाट चढायला लागलात की साधी सायकल हाताने ढकलावी लागते. धडगावकडचे पाडे तर एकेका टेकडीच्या डोक्यावर. तिथे पुढची लहान चकती आणि मागची मोठी चकती जोडून, सावकाश का होईना, माणूस बसल्या बसल्या चढतो. ज्या कामासाठी ही सायकल १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या डोंगरात जन्मली, तेच काम सातपुड्यात आहे. शहरात ती फुकट जाते.

पण गिअरच्या सायकलीत बिघडायला जागा पुष्कळ. पायडलपासून मागच्या चाकापर्यंत ताकद जाते त्या वाटेवर क्रँक, पुढच्या चकत्या, चेन, मागचे फ्रीव्हील, ते आतले बेअरिंग, आणि चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा डिरेलर, एवढे सगळे आहे. डिरेलर म्हणजे मागच्या चाकापाशी दोन लहान चाकांसह लोंबणारा तो हात. बिघाड एका ठिकाणी असतो आणि आवाज दुसरीकडून येतो. त्यामुळे दिसेल तो भाग बदलत गेलो तर आपल्या देणगीचे पैसे संपतात आणि सायकल आहे तशीच राहते.

याचे उदाहरण गेल्या पावसाळ्यानंतरचे आहे. आपल्या वसतिगृहातून बारावी झालेला एक तरुण चार पाड्यांवर संध्याकाळचे अभ्यासवर्ग घेतो. त्याच्याकडे अशीच आलेली एक सात गिअरची सायकल होती. चढावर पायडलवर उभे राहून जोर दिला की चेन ‘खट्’ करून एक दात सोडायची. तालुक्याच्या एका दुकानात त्याने दाखवली. दुकानदाराने नवी चेन घातली आणि पैसे घेतले. दोन दिवसांनी ती पहिल्यापेक्षा जास्त घसरू लागली. तिसऱ्या दिवशी चढावर पाय हवेत गेला, हा पुढच्या हँडलवर आदळला, गुडघा फुटला. दोन आठवडे चारही पाड्यांवरचे वर्ग बंद. दुकानदार म्हणाला, सायकलच भंगार आहे, विकून टाक. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “ताई, नवी चेन टाकून जास्त बिघडते, असे कसे?”

प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याचे उत्तर कळले की निम्मी दुरुस्ती कळते.

चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच असते. जगातल्या जवळजवळ सगळ्या सायकलींना हेच माप. चकतीचे दातही त्याच अंतराने कापलेले असतात. चेन वापरून ‘लांब होते’ असे आपण म्हणतो, पण लोखंड ताणले जात नाही. पिना आणि त्यांच्याभोवतीची भोके झिजतात. प्रत्येक सांध्यात केसाएवढी ढिलाई येते आणि शंभराहून जास्त सांध्यांची मिळून चेन लांबते. मग ती दातांच्या बुडाशी न बसता थोडी वर बसते, आणि दात एका बाजूने खात जाते. चौकोनी दात हळूहळू आकड्यासारखा वाकडा होतो. जुनी चेन आणि जुने दात एकमेकांना खात खात एकमेकांसारखेच झालेले असतात, म्हणून दोघे मिळून कसेबसे चालतात. त्या वाकड्या दातांवर अर्ध्या इंचाच्या अचूक मापाची नवी चेन आली की ती बसतच नाही. जोर दिला की दातावर चढते आणि उडी मारते. दुकानदाराने चेन चांगली दिली होती. त्याने दात पाहिले नव्हते.

म्हणून काकांचा नियम असा की पाना हातात घेण्याआधी पट्टी घ्यायची. शाळेतली बारा इंची पट्टी चालते, पण लोखंडी असेल तर बरी. चेन ताणलेली असताना पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा आणि चोवीस पिना पुढे मोजा. नवी चेन असेल तर चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली, पण चकत्या बहुधा वाचलेल्या असतात. एक अष्टमांश इंच पुढे असेल तर मागच्या चकत्याही गेल्या असे धरा. एवढेसे अंतर, पण त्यावर ठरते की खर्च फक्त चेनचा आहे की फ्रीव्हीलचाही. वेळेवर चेन बदलली तर मागची चकती कितीतरी चेनना पुरते. ही मोजणी तुम्ही घरी करू शकता, आणि देणगी देण्याआधी करून त्याची चिठ्ठी सायकलीला बांधलीत तर आमचा एक फेरा वाचतो.

त्या तरुणाच्या सायकलीचे दात आम्ही ओल्या फडक्याने पुसून पाहिले. मागे सात चकत्या, सर्वांत लहान १४ दातांची, सर्वांत मोठी २८ दातांची. वाकडे झाले होते ते फक्त १६ आणि १८ दातांच्या चकत्यांचे. बाकीच्या जवळजवळ कोऱ्या. याचे कारणही गंमतशीर आहे. शहरातल्या मूळ मालकाने गिअर कधी बदललेच नव्हते. शाळा, क्लास, मैदान, सगळे त्याच एकदोन चकत्यांवर. तुमच्या जिन्याखालच्या सायकलीचेही असेच निघेल, पैज लावायला हरकत नाही. (पैज म्हणजे बोलण्यापुरती, पाळकसाहेब.) म्हणजे ज्या मोठ्या चकत्या शहरात कुणी वापरल्या नाहीत त्याच डोंगरात लागतात, आणि त्या धडधाकट असतात. सायकल भंगार नव्हती. नाशिकहून नवे फ्रीव्हील येईपर्यंत महिनाभर तो २० दातांच्या आणि त्याहून मोठ्या चकत्यांवरच फिरला. एकदाही घसरली नाही. वर्ग सुरू झाले.

फ्रीव्हील आणायला नाशिक का, तर ते उघडायची चावी खेड्यात नसते. सात गिअरच्या जुन्या सायकलींत ते बहुधा आट्यांवर घट्ट बसलेले असते, आणि पायडल मारून मारून आणखी आवळत जाते. छिन्नी-हातोड्याने काढायला गेलेले दोन फ्रीव्हील मी पाहिले आहेत, दोन्ही चाकांसकट गेले. त्याची बारा खाचांची चावी वेगळी येते. ती शिकंज्यात धरून वरून अख्खे चाक डावीकडे फिरवायचे असते. ही चावी आता आपण घेतली आहे.

सगळीच घसरण झिजलेल्या दातांची नसते. फरक ओळखायला मी मुलांना ‘कान लावा’ म्हणते. सायकलची सीट दोरीने झाडाच्या फांदीला बांधा, मागचे चाक हवेत राहू द्या आणि हाताने पायडल फिरवा. पायडल थांबवले तरी आवाज चालूच राहिला तर तो चाकाचा, ब्रेकचा किंवा टायरला अडकलेल्या काटकीचा. पायडलच्या प्रत्येक फेरीला एकदा ‘टक्’ येत असेल तर पायडल किंवा क्रँक पाहायचा. आणि दर दोन-अडीच फेऱ्यांनी एकदा चेन उडी मारत असेल तर चेनचा एखादा सांधा गंजून ताठ झाला आहे. कारण पुढे मोठी चकती असली की चेनची पूर्ण फेरी व्हायला पायडलच्या तेवढ्याच फेऱ्या लागतात. पायडल हळूच उलटे फिरवा, डिरेलरच्या लहान चाकांवरून जाताना तो सांधा उडालेला दिसतो. तिथे तेलाचा थेंब टाकून चेन दोन्ही हातांनी आडवी, डावी-उजवीकडे थोडी वाकवायची. बहुतेक वेळा एवढ्याने सांधा सुटतो. खर्च शून्य. दहा वर्षे उभ्या राहिलेल्या सायकलीत हे फार आढळते.

क्रँकचे मात्र हयगयीने चालत नाही. दोन्ही क्रँक दोन हातांत धरून आत-बाहेर हलवा. दोन्ही मिळून हलले तर आतले बेअरिंग ढिले किंवा झिजलेले आहे. एकच हलला तर त्या क्रँकचा बोल्ट सैल आहे आणि तो आजच आवळायचा. क्रँक ॲल्युमिनियमचा असतो, आतला दांडा पोलादाचा. ढिल्या क्रँकवर दोन-तीन कोस गेलात की चौकोनी भोक गोल होते, मग बोल्ट कितीही आवळा, तो क्रँक कायमचा गेला.

पावसाळ्यानंतर आणखी एक तक्रार येते ती म्हणजे पायडल पुढे फिरते पण चाक फिरतच नाही, जणू पाय हवेत. फ्रीव्हीलच्या आत लहान खिट्या असतात, त्या स्प्रिंगने उघडून चाकाला पकडतात. जुने ग्रीस घट्ट होऊन त्या आतच चिकटून बसतात. चाक आडवे ठेवून फ्रीव्हीलच्या फटीतून थोडे रॉकेल सोडा, फिरवा, मळ निथळू द्या, पुन्हा सोडा. खिट्यांचा किटकिट आवाज परत आला की पातळ तेलाचे काही थेंब घाला. तिथे ग्रीस मात्र भरू नका, नाहीतर पहिल्याच थंडीत तेच दुखणे परत.

आता गिअर नीट न पडण्याविषयी. इथे प्रत्येक हौशी माणूस आधी डिरेलरचे दोन स्क्रू फिरवतो. माझी विनंती आहे, त्यांना शेवटी हात लावा. ते स्क्रू फक्त कुंपण आहेत. एच लिहिलेला चेनला लहान चकतीच्या बाहेर पडू देत नाही, एल लिहिलेला तिला मोठ्या चकतीपलीकडे आऱ्यांत जाऊ देत नाही. कुंपण एकदा नीट बसले की वर्षानुवर्षे हलवावे लागत नाही. आणि एल उगाच सैल केला तर उतारावर चेन आऱ्यांत शिरून मागचे चाक जागीच अडकते. घाटात हे किती धोक्याचे आहे ते सांगायला नको.

त्याआधी सायकलीच्या मागे उकिडवे बसा आणि एक डोळा मिटून पाहा. डिरेलरची दोन लहान चाके वरच्या चकतीच्या अगदी सरळ रेषेत, ओळंब्यासारखी खाली आली पाहिजेत. तिरकी दिसली तर ज्या पट्टीला डिरेलर टांगलेला आहे ती वाकली आहे. सायकल उजव्या बाजूला पडली की ती वाकते. स्वस्त सायकलींत ही पट्टी वेगळी असते आणि चाकाच्या नटाखाली बसवलेली असते. ती काढून सरळ करता किंवा बदलता येते. ती तिरकी असेपर्यंत केबल कितीही ओढा, एका टोकाचे गिअर जुळतील आणि दुसऱ्या टोकाचे बिघडतील. इथे जमलेल्या सर्वांना म्हणूनच सांगते, सायकल टेम्पोत टाकताना डिरेलरची बाजू वर ठेवा, आणि चेन आधी मागच्या मोठ्या चकतीवर आणून ठेवा म्हणजे डिरेलर आत ओढलेला राहतो. आलेल्या नऊपैकी तीन सायकलींच्या पट्ट्या वाकलेल्या होत्या, आणि त्यांवर दुसरे काही टेकून आलेले दिसत होते.

पट्टी सरळ असेल तर मग केबल. मोठ्या चकतीवर जायला चेन कुरकुरत असेल तर केबल सैल आहे. डिरेलरपाशी केबल शिरते तिथला गोल बटणासारखा भाग अर्धा वेढा डावीकडे सोडा, केबल ताणली जाते. पुन्हा पाहा, पुन्हा अर्धा. उलट, लहान चकतीवर उतरायला उशीर होत असेल तर जुन्या सायकलीत बहुधा केबल तिच्या नळीत अडकते आहे. उतरण्याचे काम डिरेलरची स्प्रिंग करते, आणि गंजलेली केबल तिला सोडत नाही. डिरेलरजवळचा नळीचा तो शेवटचा वळसा पाणी आणि धूळ साठायची जागा. केबल आणि नळी दोन्ही नवीन घाला, फार पैसे लागत नाहीत. माझ्या अनुभवात ‘गिअर गेला’ म्हणून आलेल्या सायकलींत सर्वांत जास्त वेळा दोष इथेच निघाला आहे.

हँडलवरचा गिअरचा लिव्हर दाबल्यावर पोकळ वाटला, टिकटिक झालीच नाही, तर आतले ग्रीस सुकले आहे. रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० दोन-तीनदा आत सोडून, लिव्हर शंभरदा दाबून बहुतेक जिवंत होतात. नाही झाला तर आम्ही टिकटिक नसलेला साधा अंगठ्याचा लिव्हर बसवतो. मुलांना पहिले दोन दिवस जड जाते, मग कानाने गिअर जुळवायला शिकतात. डोंगरासाठी मला तर हाच जास्त आवडतो. पट्टी जराशी वाकली, केबल जराशी सैल झाली, तरी हाताने सांभाळता येते.

तेलाविषयी एक शब्द, कारण यात आपल्या चांगल्या हेतूने नुकसान होते. देणगीच्या सायकलींना आपण प्रेमाने भरपूर ग्रीस किंवा गाडीचे काळे तेल लावून पाठवता. त्यावर आमच्याकडची माती बसली की पॉलिश पेपरसारखी लगदी होते आणि चेन महिन्यात तयार. रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने चेन धुवायची, पूर्ण वाळू द्यायची, प्रत्येक सांध्यावर पातळ तेलाचा एकच थेंब, पायडल फिरवून तेल आत जाऊ द्यायचे आणि मग बाहेरचे सगळे फडक्याने पुसून टाकायचे. तेल आत हवे, बाहेरून चेन कोरडी दिसली पाहिजे. गाडी धुण्याच्या केंद्रावर जोराच्या फवाऱ्याने सायकल धुऊन आणू नका, बेअरिंगमधले ग्रीस निघून जाते आणि पाणी आत राहते.

नऊ सायकलींचा हिशेब असा. दोन फक्त धुऊन, तेल देऊन चालू झाल्या. तिघींना नवी चेन आणि केबल लागेल. दोघींना चेन आणि फ्रीव्हील दोन्ही. एकीचा डावा क्रँक गोल झाला आहे, तो नवा हवा. आणि नववीची फ्रेमच जोडापाशी तडकलेली आहे. तिला रस्त्यावर सोडायचे नाही, तिचे सुटे भाग बाकीच्यांना लागतील. तुमच्यापैकी कुणाची ती असेल तर वाईट वाटून घेऊ नका, तिचा डिरेलर आणि मागचे चाक उत्तम आहे. चेन तोडायचे एक चांगले हत्यार आणि सहा-सात गिअरच्या चार चेन एवढे कुणी देऊ शकले तर काम महिन्याभरात संपेल. साध्या सायकलीची चेन देऊ नका, ती रुंद असते, गिअरला चालत नाही.

सायकली मागच्या अंगणात चिंचेच्या फांदीला टांगल्या आहेत. पट्टी आणि रॉकेल माझ्याकडे आहे. ज्यांना मोजून पाहायचे आहे त्यांनी चहाआधी या, बाह्या वर करून.